पॅसिफिकचा पट: धाडस कुणाला परवडतं?

दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक आघाडीवर बेतलेले वॉरगेम मन लावून खेळणाऱ्यांत एक वाद कधीच मिटत नाही. जपानच्या बाजूने बसलेल्याने पहिल्या सहा महिन्यांत दिसेल ते बेट गिळत सुटावं, की जिंकलेल्या मुलखाला कुंपण घालून आपली जहाजं राखावीत? अमेरिकेच्या बाजूने बसलेल्याने सुरुवातीलाच हातघाईवर यावं, की नवी जहाजं गोदीतून बाहेर पडेपर्यंत दम धरावा? वाद रंगतो तो बहुधा स्वभावाच्या अंगाने. अमका बेधडक खेळतो, तमका हात राखून खेळतो, आणि जिंकला की त्याचा स्वभाव बरोबर ठरतो. मला ही मांडणीच चुकीची वाटते. धाडस किंवा सबुरी हा खेळाडूचा गुण नसून त्या विशिष्ट चालीचा हिशोब असतो, आणि त्या हिशोबात सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न एकच: ही चाल फसली तर उद्या सकाळी पटावर माझं काय उरेल? पॅसिफिकचं युद्ध आणि त्यावरचे खेळ हे दोन्ही या प्रश्नाचे जितके स्वच्छ दाखले देतात तितके क्वचितच कुठे सापडतील.

हे खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. बुद्धिबळात दोन्ही बाजूंच्या सोंगट्या सारख्या असतात. इथे सगळा खेळच विषमतेवर उभा असतो. मार्क हर्मन यांच्या २००५ सालच्या ‘एम्पायर ऑफ द सन’ या खेळात हवाईपासून हिंदुस्थानपर्यंतचा नकाशा षट्कोनी घरांत आखलेला असतो, पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या म्हणजे आरमार, विमानदळं आणि सैन्य, आणि प्रत्येक फेरीत हाती येणाऱ्या पत्त्यांवर मोहिमा चालतात. दुसऱ्या टोकाला आहे २००९ सालचा ‘वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन’ हा संगणकावरचा खेळ. त्यात एकेका दिवसाची एकेक चाल असते, एकेक जहाज आणि एकेक वैमानिक मोजला जातो, आणि दोन माणसांनी पूर्ण युद्ध खेळायचं म्हटलं तर काही वर्षं जातात. दोन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे. काळ जपानच्या विरुद्ध वाहतो.

त्याचं कारण इतिहासात आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानकडे सहा मोठ्या विमानवाहू नौकांचा एकत्र ताफा होता, आणि पॅसिफिकमध्ये अमेरिकेकडे तीन. पण अमेरिकी संसदेने जुलै १९४० मध्येच दोन महासागरांना पुरेल एवढं आरमार बांधायला मंजुरी दिली होती. ‘एसेक्स’ वर्गाची पहिली विमानवाहू नौका ३१ डिसेंबर १९४२ रोजी सेवेत रुजू झाली, आणि युद्ध संपेपर्यंत त्या एका वर्गाच्या सतरा नौका समुद्रात उतरल्या. जपानला या वेगाच्या जवळपासही जाता आलं नाही. १९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेल तोडल्यावर तर जपानचं आरमार साठ्यातल्या तेलावर दिवस मोजत होतं. त्यामुळे खेळाडूंमध्ये एक सोपा नियम रूढ झाला: जपानने धाडसी असावं, अमेरिकेने सबुरीने घ्यावं. नियम अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यात डाव जिंकले आणि हरले जातात.

आधी अमेरिकेची सबुरी पाहू. ‘ॲडमिरल्स एडिशन’ खेळणाऱ्यांत ‘सर रॉबिन’ नावाचा एक डावपेच प्रसिद्ध आहे. ‘मॉन्टी पायथन’च्या चित्रपटातल्या पळपुट्या सरदाराचं हे नाव. मलाया, जावा, फिलिपाइन्स इथल्या तुकड्या आणि जहाजं लढाई न देता मागे काढायची आणि सगळं बळ हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया आणि हवाईत साठवायचं, असा तो डाव. वरवर शहाणपणाचा वाटतो, कारण सिंगापूर आणि बटानमध्ये प्रत्यक्षात कैद झालेलं सैन्य यात वाचतं. पण न लढता सोडलेली प्रत्येक जागा जपानला आठवडे भेट देते. पालेमबांगचं तेल लवकर हाती लागतं, मोकळं झालेलं सैन्य पुढच्या मोहिमेला निघतं, आणि वाचवलेल्या तुकड्यांना मग बंगालच्या दारात त्याच शत्रूशी लढावं लागतं, तोही आता ताज्या दमाचा. खेळाचे नियमही या अति-सावधपणाला किंमत लावतात. १९४३च्या सुरुवातीला जपानचे गुण दोस्तांच्या चौपट असतील तर डाव तिथेच जपानच्या नावावर होतो. ‘एम्पायर ऑफ द सन’मध्ये अमेरिकेच्या राजकीय इच्छाशक्तीचं मोजमाप पटावरच असतं. दोस्तांनी ठरावीक जागा जिंकत राहिलं नाही तर ते घसरतं, आणि शून्यावर आलं की जपानशी तह होऊन खेळ संपतो. वाट पाहणं फुकट नसतं, हे या दोन्ही खेळांच्या रचनाकारांनी नीट ओळखलं आहे.

याउलट खऱ्या सबुरीचं उदाहरण आपल्या समुद्रातलं आहे. एप्रिल १९४२ मध्ये जपानच्या विमानवाहू ताफ्याचे प्रमुख नागुमो पाच मोठ्या विमानवाहू नौका घेऊन हिंदी महासागरात शिरले आणि त्यांच्या विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले. त्याच सुमारास दुसऱ्या जपानी ताफ्याच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब टाकले. ब्रिटिश पूर्व आरमाराचे प्रमुख सर जेम्स सॉमरव्हिल यांच्याकडे जपानी ताफ्याशी दिवसाढवळ्या झुंजण्याइतकी विमानं नव्हती. त्यांनी मालदीवमधल्या अड्डू या गुप्त तळाचा आसरा घेतला, दिवसा अंतर राखलं, आणि रडार असलेल्या टॉर्पेडो विमानांनी रात्री गाठता येतं का, हे पाहत राहिले. ती संधी आली नाही. ‘कॉर्नवॉल’ आणि ‘डॉर्सेटशायर’ या क्रूझर आणि ‘हर्मिस’ ही जुनी विमानवाहू नौका बुडाली. मग सॉमरव्हिल यांनी जलद ताफा मुंबईला आणि संथ युद्धनौकांचा ताफा पूर्व आफ्रिकेत किलिंदिनीला पाठवला. लंडनमधल्यांना हे मानहानीचं वाटलं असेल, पण हिशोब बिनचूक होता. ते आरमार बुडालं असतं तर पश्चिम हिंदी महासागर, म्हणजे इराणी आखातातलं तेल आणि इजिप्तमधल्या सैन्याचा रसदमार्ग, उघडा पडला असता. जपानला मात्र त्या हल्ल्यातून टिकणारं काहीच मिळालं नाही, कारण नागुमो तिथे थांबायला आलेच नव्हते. शत्रूला जे राखता येणार नाही त्यासाठी आपलं भरून न येणारं पणाला लावायचं नाही, एवढंच सॉमरव्हिल यांनी केलं. वाट पाहतानाही ते रात्रीच्या वाराची संधी शोधत होते, हे विसरता कामा नये. ‘सर रॉबिन’ खेळणारा नेमकं हेच विसरतो.

आता जपानची बाजू. तिथला पेच जास्त कठीण आहे, कारण ज्याला धाडस परवडतं त्याला त्याची फारशी गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला ते परवडत नाही. नुसतं कुंपण घालून बसलं तर हरणं नक्की, कारण हजारो मैलांच्या परिघावर कुठे घाव घालायचा हे हल्लेखोर ठरवतो. १९४३-४४ मध्ये अमेरिकेने राबाउलला वळसा घातला तेव्हा तिथली सुमारे एक लाख जपानी माणसं एकही मोठी लढाई न लढता निकामी झाली. म्हणजे जपानच्या खेळाडूला डाव टाकावाच लागतो. पण कशावर आणि किती?

या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा खेळाच्याच एका टेबलावरचा आहे. मे १९४२ मध्ये हाशिराजिमाच्या नांगरतळावर उभ्या असलेल्या ‘यामातो’ या युद्धनौकेवर मिडवे बेटावरच्या मोहिमेची रंगीत तालीम पटावर खेळली गेली. मुख्य पंच होते जपानी आरमाराचे सरसेनापती यामामोतो यांचे चीफ ऑफ स्टाफ रिअर ॲडमिरल माटोमे उगाकी. खेळात मिडवेवरून उडालेली अमेरिकी विमानं जपानी विमानवाहू नौकांवर आली आणि लेफ्टनंट कमांडर मासाताके ओकुमिया यांनी फासे टाकले. नऊ बाँब लागले, ‘आकागी’ आणि ‘कागा’ बुडाल्या. उगाकींनी नऊचे तीन केले. ‘आकागी’ला किरकोळ इजा झाली, ‘कागा’ तेवढी बुडाली, आणि पुढच्या मोहिमेच्या खेळात तीही पुन्हा पटावर हजर झाली. ही हकिगत ओकुमिया आणि मित्सुओ फुचिदा यांच्या पुस्तकातली आहे. फुचिदांच्या इतर काही दाव्यांवर इतिहासकारांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत, पण ओकुमिया त्या टेबलावर स्वतः होते.

या प्रसंगातून सहसा निघणारा निष्कर्ष असा: अहंकारी पंचाने फासे खोटे पाडले म्हणून जपान हरला. मला तो पटत नाही. ४ जून १९४२ला मिडवेवरून उडालेल्या विमानांचा प्रत्यक्षात एकही बाँब जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. उंचावरून टाकलेले बाँब वळणं घेणाऱ्या जहाजाला क्वचितच लागतात, त्यामुळे नऊचे तीन करणं तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होतं. वॉरगेमचे अभ्यासक पीटर पर्ला यांनीही पंचाच्या बाजूने हेच लिहिलं आहे. खरी चूक त्याच टेबलावर, पण दुसरीकडे झाली. मिडवेवर विमानं गेलेली असताना अमेरिकी विमानवाहू नौका बाजूने उगवल्या तर काय, हा प्रश्न तिथे विचारला गेला होता आणि नागुमोंच्या माणसांकडून गुळमुळीत उत्तर आलं होतं. त्यावर अर्धी विमानं जहाजविरोधी टॉर्पेडोंसह राखीव ठेवा, अशी सूचनाही झाली. लढाईच्या सकाळी बेटावर दुसऱ्या हल्ल्याची गरज वाटली आणि त्याच राखीव विमानांचे टॉर्पेडो उतरवून बाँब चढवायला सुरुवात झाली. ‘एंटरप्राइज’ आणि ‘यॉर्कटाउन’वरच्या डाइव्ह बाँबर विमानांनी त्या दिवशी चार विमानवाहू नौका संपवल्या.

त्या चार नौका भरून निघणार नव्हत्या, आणि पणाला लागलेलं बेट मात्र जिंकलं तरी राखणं कठीण होतं. त्यातही यामामोतोंनी सगळं बळ एका जागी आणलंच नव्हतं. दोन विमानवाहू नौका अलूशियन बेटांकडे पाठवल्या होत्या, मुख्य युद्धनौका शेकडो मैल मागे होत्या, आणि कोरल समुद्रातल्या लढाईनंतर ‘शोकाकू’ आणि ‘झुइकाकू’ या मोठ्या विमानवाहू नौका मायदेशी होत्या. त्या येईपर्यंत थांबण्याचा पर्याय खेळाडू पटावर सहज घेतो. मिडवेला आपण अति-धाडसाचं उदाहरण मानतो. मला त्यात धाडसापेक्षा विखुरलेपण जास्त दिसतं. पुष्कळदा जी चाल बेधडक वाटते ती प्रत्यक्षात फक्त ढिली असते.

हाच हिशोब नागुमोंनीच केलेल्या पर्ल हार्बरच्या हल्ल्याला लावला तर त्यांची बदनामी कमी होते. पर्ल हार्बरच्या ४५ लाख बॅरल तेलाच्या टाक्या का जाळल्या नाहीत, म्हणून खेळाडू त्यांना नेहमी नावं ठेवतात. पण अमेरिकी विमानवाहू नौका कुठे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांच्या सहा नौका म्हणजे जपानचं सगळं भांडवल. परत फिरणं रास्त होतं.

अमेरिकेच्या धाडसाचा उत्तम नमुना म्हणजे ग्वाडलकॅनाल बेटाची मोहीम. ७ ऑगस्ट १९४२, म्हणजे ‘एसेक्स’ येण्याच्या पाच महिने आधी, अपुऱ्या रसदेनिशी मरीन उतरले. सबुरीच्या नियमाप्रमाणे ही चाल चुकीची. दोनच रात्रींनंतर, ९ ऑगस्टला, सावो बेटाजवळ दोस्तांच्या चार क्रूझर बुडाल्या. सप्टेंबरमध्ये ‘वास्प’, ऑक्टोबरअखेर ‘हॉर्नेट’ गेली, आणि पॅसिफिकमध्ये लढण्याजोगी एकच अमेरिकी विमानवाहू नौका उरली, तीही जखमी. तरी ही चाल बरोबर होती असं मी म्हणतो. जिंकलेली गोष्ट एक धावपट्टी होती आणि धावपट्टी बुडत नाही. गेलेल्या नौकांच्या जागी गोदीत नव्या उभ्या होत्या. जपान मात्र तिथे रोज जे गमावत होता, विशेषतः मुरलेले वैमानिक, ते त्याला परत मिळणार नव्हते. ‘हॉर्नेट’ बुडाली त्या सांताक्रूझच्या लढाईत जपानने मिडवेपेक्षाही जास्त विमानकर्मी गमावले. ‘ॲडमिरल्स एडिशन’मध्ये हे फार झोंबतं. जपानचा खेळाडू लढाई जिंकल्याच्या आनंदात यादी उघडतो आणि अनुभवी वैमानिकांच्या रकान्यात पोकळी दिसते.

स्वभावाची मांडणी कशी कोलमडते हे पाहायचं तर अमेरिकी ॲडमिरल विल्यम हॉल्सी यांच्याकडे पाहावं. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांनी सुचवलं की पलाऊसारखी मधली बेटं सोडा आणि थेट फिलिपाइन्समधल्या लेतेवर उतरा. सूचना धाडसी होती आणि अचूकही. लेतेची तारीख २० डिसेंबरवरून २० ऑक्टोबरवर आली. त्याच महिनाअखेरीस त्याच हॉल्सींनी सान बर्नार्डिनोची सामुद्रधुनी उघडी टाकली आणि सगळा ताफा घेऊन जपानी ॲडमिरल ओझावांच्या जवळजवळ विमानंच नसलेल्या नौकांमागे उत्तरेला धाव घेतली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं ते हेच. २५ ऑक्टोबरच्या सकाळी दुसऱ्या जपानी ताफ्याचे प्रमुख कुरिता ‘यामातो’सह समारजवळ आले तेव्हा त्यांच्या वाटेत सहा छोट्या विमानवाहू नौका आणि मूठभर विनाशिका होत्या. त्या जिवावर उदार होऊन लढल्या आणि कुरिता मागे फिरले. माणूस तोच, धडाडी तीच. सप्टेंबरात चूक झाली असती तर नुकसान मर्यादित होतं, ऑक्टोबरात किनाऱ्यावर उतरलेलं सैन्य उघडं पडलं असतं. शिवाय ओझावांना मोकळं सोडलं असतं तर त्यांनी काय बिघडवलं असतं? फारसं काही नाही.

यावर तीन आक्षेप येतात. फाशांचा आक्षेप सोपा आहे. एका डावात नशीब ठरवतं, हे खरं, म्हणूनच एका डावावरून चालीची पारख करू नये. फासे वाईट पडले तरी उभं राहता येईल अशी चाल म्हणजे चांगली चाल. दुसरा आक्षेप जड आहे: पटावर कुणी मरत नाही, म्हणून तिथलं धाडस स्वस्त असतं. हा मला मान्य आहे, आणि राजकीय इच्छाशक्तीची मोजपट्टी त्याची भरपाई पूर्ण करत नाही. पण त्यातून सबुरी आपोआप माणुसकीची ठरत नाही. हॉल्सींची सूचना आल्यावरही अमेरिकी पॅसिफिक आरमाराचे प्रमुख निमित्झ यांनी पलाऊमधल्या पेलेलियूची मोहीम थांबवली नाही, कारण लेतेच्या बाजूला शत्रूची धावपट्टी नको, ही काळजी. काळजीपोटी घेतलेल्या त्या बेटावर दोन महिन्यांहून जास्त लढाई चालली. सुमारे १,८०० अमेरिकी आणि दहा हजारांवर जपानी मेले.

तिसरा आक्षेप असा, की खेळाडूला निकाल आधीच ठाऊक असतो, सेनापतीला नसतो. तो जपानच्या बाबतीत टिकत नाही. १९४१च्या उन्हाळ्यात टोकियोच्या सर्वंकष युद्ध संशोधन संस्थेत तरुण अधिकाऱ्यांनी मंत्रिमंडळाच्या भूमिका घेऊन अमेरिकेशी युद्धाचा खेळ खेळला. तेल, जहाजं, कारखाने यांचे आकडे मांडून ते ज्या निष्कर्षाला आले तो असा: सुरुवातीचे विजय, लांबलेलं युद्ध, शेवटी रशियाचा प्रवेश आणि पराभव. ऑगस्टअखेर हे पंतप्रधान कोनोएंच्या मंत्रिमंडळापुढे मांडलं गेलं. तेव्हाचे युद्धमंत्री तोजो यांचं उत्तर असं होतं की हा कागदावरचा अभ्यास आहे. पूर्वी रशियाशी झालेलं युद्धही जिंकू असं वाटलं नव्हतं आणि तरी जिंकलो, अनपेक्षित गोष्टी तुम्ही धरल्याच नाहीत. अनपेक्षित घडतंच, पण ते दोघांनाही घडतं, आणि ज्याच्याकडे ते सोसायला काही शिल्लक नाही त्याच्यावर ते जास्त कोसळतं. तोजोंनी जी गोष्ट युद्धाच्या बाजूने मांडली ती खरं तर युद्धाच्या विरोधातली होती.

समुद्रापलीकडे ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानविरुद्धचे असंख्य डाव खेळले गेले. सुरुवातीला अमेरिकी योजनेत मनिलाकडे एका दमात धाव घेण्याचा मोह होता. डावांत ताफा पोचेपर्यंत जहाजं मोडलेली, तेल संपत आलेलं आणि दुरुस्तीला जागा नाही, असं पुन्हा पुन्हा निघालं. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत योजना बदलली: मार्शल आणि कॅरोलाइन बेटं एकेक करून घ्यायची, आणि तळ आपल्यासोबत पुढे न्यायचा. कामिकाझे सोडलं तर युद्धातलं जवळजवळ काहीच अनपेक्षित नव्हतं, असं निमित्झ यांनी नंतर सांगितलं ते या खोल्यांबद्दल. त्या बदलाचं फळ पेलेलियूच्याच मोहिमेत दिसतं. तिथे लढाई पेटलेली असताना २३ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी सैन्य उलिथीच्या प्रवाळबेटावर उतरलं. जपानी ते आधीच सोडून गेले होते. काही महिन्यांत त्या खाजणात तरंगत्या गोद्या, दुरुस्तीची जहाजं आणि तेलवाहू नौका उभ्या राहिल्या, आणि १९४५च्या वसंतात ओकिनावावर निघालेल्या आरमाराची शेकडो जहाजं तिथूनच सुटली.